सयाजीरावांची पाणपोई

सयाजीराव साळुंख्यांना बायकोशी बोलायचं होतं, म्हणून त्यांनी तिच्या पी.ए.ला फोन लावला.

बायको काही परगावी गेलेली नव्हती. वाशीतल्या त्यांच्याच बंगल्यात, ते बसले होते त्याच्या बरोबर खालच्या खोलीत होती. पण राजलक्ष्मीताई साळुंखे राज्यमंत्री झाल्यापासून त्या खोलीपर्यंत पोचायचं तर आधी दिवाणखान्यातली गर्दी ओलांडावी लागे. मागच्या आठवड्यात सयाजीरावांनी तसा प्रयत्न करून पाहिला होता. एका नव्या कार्यकर्त्याने त्यांच्या दंडाला धरून, अगदी अदबीने, "काका, नंबरानं जायचं," असं सांगितलं आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसवून चहा दिला. खुर्ची त्यांनीच विकत घेतलेली होती आणि चहाही त्यांच्याच स्वयंपाकघरातला होता. तो संपवून ते मुकाट्याने जिना चढून वर आले.

बरं, रात्री बोलावं म्हटलं तर ती घरी येई तेव्हा हे झोपलेले असत, आणि पहाटे मार्केटला जायला हे उठत तेव्हा ती झोपलेली असे. झोपलेल्या मंत्र्याला उठवणं सयाजीरावांना प्रशस्त वाटत नसे.

"चौदा मेला संध्याकाळी मॅडमचा तासभर मिळंल का?" त्यांनी फोनवर विचारलं. घरात सगळेच मॅडम म्हणत, त्यामुळे त्यांनाही तीच सवय लागली होती.

"पर्सनल आहे की पब्लिक, साहेब?" इंद्रजित म्हणाला. हा पी.ए. पंचविशीतला, इस्त्रीचा शर्ट घालणारा आणि कधीही आवाज न चढवणारा मुलगा होता.

इथे सयाजीराव अडखळले. चौदा मे अठ्ठ्याण्णवला त्यांच्या लग्नाला पंचवीस वर्षं पुरी होत होती. पण लग्न न झालेल्या पोराला 'मला माझ्या बायकोबरोबर निवांत जेवायचंय' असं सांगायचं म्हणजे काय? सातारा जिल्ह्यातल्या ज्या गावात ते वाढले, तिथे नवरा-बायको यात्रेलासुद्धा दहा पावलं पुढे-मागे चालत. कांद्याचे ट्रकच्या ट्रक फोनवर विकणाऱ्या या माणसाच्या तोंडून ते एक वाक्य काही फुटेना.

"पर्सनलच म्हनायचं," ते पुटपुटले.

"मग अवघड आहे. चौदाची संध्याकाळ मॅडमनी ब्लॉक केलीय. कुणालाही द्यायची नाही म्हणाल्यात. पब्लिकचं काही असतं, उद्घाटन, भूमिपूजन असं, तर मी विचारून तरी बघितलं असतं."

सयाजीराव व्यापारी होते. समोरचा अडून बसला की सरळ वाट सोडून आडवाटेने जायचं, हे त्यांच्या अंगात मुरलेलं होतं. "उद्घाटनच हाय," ते म्हणाले.

"कशाचं?"

खिडकीतून बागेतला माळी नळीला तोंड लावून घटाघट पाणी पिताना दिसत होता. "पाणपोईचं. तुर्भ्याला, आपल्या कोल्ड स्टोरेजच्या गेटवर. उन्हाळा लई हाय, हमालांची तडफड व्हती."

थोड्या वेळाने इंद्रजितचा फोन आला की मॅडम हो म्हणाल्या आहेत. खालच्या मजल्यावरून वरच्या मजल्यावर इतक्या लवकर होकार गेल्या वर्षात कधी आला नव्हता. सयाजीराव खुशीत येऊन हात चोळत बसले. चौदाची संध्याकाळ ब्लॉक कशासाठी केली होती, एवढा एक प्रश्न त्यांनी तेव्हा विचारला असता तर पुढचं सगळं टळलं असतं.

तुर्भ्यालाच का, तर त्यालाही कारण होतं. कांदा-बटाट्याचा बाजार मुंबईतून खाडीपलीकडे आला तेव्हा सयाजीराव लहानग्या उज्वलाला कडेवर घेऊन बायकोसह इथे आले होते. खाली भाड्याचं गोडाऊन आणि वर पत्र्याची एक खोली, एवढाच तेव्हाचा पसारा होता. त्या खोलीत एका स्टोव्हवर पिठलं रटरटायचं आणि भाकरीचा पापुद्रा फुगला की उज्वला टाळ्या वाजवायची. पुढे गोडाऊनचं कोल्ड स्टोरेज झालं, सहा ट्रक आले, वाशीत बंगला झाला, उज्वला लग्न होऊन पुण्याला गेली. पत्र्याच्या जागी पक्का स्लॅब आला, पण ती खोली पाडायला सयाजीरावांनी कधी परवानगी दिली नाही. उद्घाटन झालं की राजलक्ष्मीला हळूच वर घेऊन जायचं आणि दोघांनीच पिठलं-भाकरी खायची, असा त्यांचा बेत होता.

आणि तिला राजकारणात ढकलणारे तरी कोण? तर हेच सयाजीराव.

गोडाऊनसमोरचा रस्ता म्हणजे रस्ता नव्हताच, खड्डे होते आणि त्यांच्यामध्ये थोडी थोडी जमीन होती. ट्रकच्या स्प्रिंगचे पाटे तुटायचे, टोमॅटोचा जागेवर रस व्हायचा. पंच्याण्णवच्या महापालिका निवडणुकीत त्यांचा वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला तेव्हा सयाजीरावांना वाटलं, घरातलंच माणूस तिथे बसवावं. राजलक्ष्मी नको नको म्हणत होती. हळदीकुंकवाला चार बायकांत बोलायचं म्हटलं तरी तिला घाम फुटे. "रस्ता हुईपर्यंतच गं," सयाजीरावांनी समजूत घातली होती, "रस्ता झाला की दे राजीनामा." मग त्याच वरच्या खोलीत त्यांनी बटाट्याची पोती ओळीने मांडली, तिला त्यांच्यापुढे उभं केलं आणि भाषण शिकवलं. पोती उलट बोलत नाहीत, हे त्यांनी तिला पटवलं. ती शिकली. इतकी चांगली शिकली की पुढे समोरची माणसंही उलट बोलेनाशी झाली. नगरसेविका झाली, मग विधान परिषदेवर गेली, मग राज्यमंत्री झाली. खातं कोणतं, हे मात्र सयाजीरावांना दर खातेबदलाला नव्याने पाठ करावं लागे.

फक्त रस्ता झाला नाही. "लोक म्हणतील, नवऱ्याच्या दारातलं आधी केलं," असं म्हणून ताईंनी सगळ्या तुर्भ्यात डांबर ओतलं आणि हा तुकडा शेवटी ठेवला. डांबरी रस्ता कोल्ड स्टोरेजच्या भिंतीपर्यंत गुळगुळीत यायचा, तिथे थांबायचा आणि भिंत संपली की पुन्हा सुरू व्हायचा.

त्या खड्ड्यांचा एक फायदा मात्र होता. नाक्यावरच्या ट्रकांची गर्दी टाळायला ताईंची गाडी रोज अकराच्या सुमाराला याच रस्त्याने बेलापूरकडे जाई. खड्ड्यांत ती माणसाच्या चालीने चाले. तेव्हा सयाजीराव गोडाऊनवरच्या खोलीच्या खिडकीत उभे असत. गाडीची काच खाली येई, राजलक्ष्मी दोन बोटं तोंडाकडे नेऊन, ब्लडप्रेशरची गोळी घेतली का, असं खुणेने विचारी. हे मान डोलावत आणि हाताने, तू जेवलीस का, असं विचारत. ती मनगटावरचं घड्याळ दाखवी आणि हसे. एवढ्यात खड्डे संपत. दिवसभराचा संसार तेवढाच असे, पण रोज असे.

असो. पाणपोईचं ठरलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी बाबासो हजर झाले. हे पक्षाचे तुर्भ्यातले पुढारी, मूळचे पाटणकडचे, अंगाने आडवे. सयाजीरावांनी त्यांना गेटजवळची सावली दाखवली आणि इथे चार माठ, एक लाल फीत, पंधरा मिनिटांत काम संपेल, असं सांगितलं.

बाबासोंनी त्यांच्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "मालक, असं नसतंय. मंत्री येनार आन चार माठ? विरोधक हसून लोळत्याल. मांडव तरी घाला."

मांडव आला. मांडव आला म्हणजे खुर्च्या आल्या, आणि खुर्च्या आल्या म्हणजे त्यांच्यावर बसायला माणसं हवीत. पाणी प्यायला कोणी मांडवात येऊन बसत नाही, म्हणून नेत्रतपासणी शिबिर ठेवलं. शिबिर ठेवलं म्हणून डॉक्टर व्यासपीठावर आले. डॉक्टर वर बसणार हे कळताच वाहतूकदार संघटनेचे अध्यक्ष रुसले, म्हणून त्यांची खुर्ची वाढली. ती वाढल्यावर त्यांच्याशी दोन वर्षं न बोलणाऱ्या दुसऱ्या संघटनेच्या अध्यक्षांची खुर्ची वाढवणं भागच होतं. व्यासपीठ दोनदा लांबवलं. लांबता लांबता ते गेटच्या पुढे गेलं आणि माल भरलेले ट्रक आत अडकले. ड्रायव्हरांनी गेटवर बैठक मारून बोंबाबोंब सुरू केली, तेव्हा बाबासोंनी त्यांना हात धरून आणलं आणि पुढच्या रांगेत बसवलं. गर्दीचा प्रश्न अशा रीतीने सुटला.

तेराच्या दुपारी मांडववाल्याच्या लक्षात आलं की मांडवात सगळ्यांची सोय झाली आहे, फक्त पाणपोईला जागा राहिलेली नाही. शेवटी तिला लाउडस्पीकरच्या कर्ण्यामागे एक कोपरा मिळाला. नळाला त्या दिवशी पाणी नव्हतं, म्हणून टँकर मागवला. पाणी आलं तर ते गरम निघालं. बाहेरचा बर्फ सयाजीरावांना नको होता, कारण काविळीची साथ होती आणि पहिला पेला राजलक्ष्मी पिणार होती. कोल्ड स्टोरेजचा मालक आणि गार पाण्याला महाग, हे त्यांना सहन होईना.

"सदू," त्यांनी मुकादमाला सांगितलं, "माठ भरून रातभर आत ठीव. येक नंबरात जागा नसंल तर दोन नंबरात ठीव."

कोल्ड स्टोरेजच्या एक नंबरच्या खोलीत सफरचंदं होती आणि तिथे खरंच तीळ ठेवायला जागा नव्हती. सदूने माठांच्या तोंडाला फडकी बांधली आणि दोन नंबरात ठेवले. दोन नंबरात गुंटूरची लाल मिरची होती. त्याच संध्याकाळी आणखी शंभर पोती आली आणि हमालांनी ती माठांच्या आजूबाजूला धडाधड रचली. मिरचीची धूळ कशी असते हे ज्याने तिच्या गोडाऊनमध्ये एकदा श्वास घेतलाय त्याला विचारावं. फडकी तिला काय अडवणार?

चौदा तारीख उजाडली. सयाजीरावांचं मांडवाकडे लक्ष नव्हतं. सदूच्या बायकोला, रखमाला, त्यांनी पिठलं, भाकरी आणि ठेचा करायला सांगितला होता. वरची खोली स्वतः उभं राहून झाडून घेतली होती. दोन पाट आणि दोन ताटं मांडली. वाशीच्या स्टेशनाबाहेरून मोगऱ्याचा गजरा आणला आणि कोणाला दिसू नये म्हणून झब्ब्याच्या खिशात ठेवला. गजरा द्यायची त्यांची ही आयुष्यातली दुसरी वेळ होती. पहिली खेप लग्नात झाली होती आणि तेव्हा तो भटजींनी हातात दिला होता.

संध्याकाळी गाड्या आल्या. खड्ड्यांतून डुलत डुलत आल्या आणि सयाजीराव सवयीने वरच्या खिडकीकडे जायला निघाले, मग आपण खालीच उभे आहोत हे त्यांच्या ध्यानात आलं. राजलक्ष्मी उतरली. कडक इस्त्रीची सुती साडी, डोईवरून पदर. तिने दोन्ही हात जोडून सगळ्यांना नमस्कार केला, त्यात सयाजीरावही आले. माणसांची एक लाट त्यांच्या अंगावरून गेली. खिशातल्या गजऱ्याची काय गत झाली असेल, ते त्यांनी हाताने चाचपून पाहिलं आणि हात लगेच बाहेर काढला.

व्यासपीठावर त्यांची खुर्ची अगदी टोकाला, डॉक्टरांच्या पलीकडे होती. निवेदकाने त्यांचा उल्लेख 'दानशूर उद्योगपती' असा केला आणि मॅडमच्या हस्ते शाल दिली. शाल देताना राजलक्ष्मी हळूच म्हणाली, "गोळी घेतली?" त्यांनी मान डोलावली. एरवी थंडीतही पांघरली नसती अशी जाड शाल मे महिन्यात पांघरून ते पुन्हा आपल्या टोकाला जाऊन बसले.

मग सगळे कर्ण्यामागे गेले. फीत कापली गेली, टाळ्या पडल्या आणि बाबासोंनी स्टीलचा पेला भरून मॅडमच्या हातात दिला. पाणी छान गार होतं. पेल्याला बाहेरून घाम फुटला होता. राजलक्ष्मीने पहिला घोट घेतला.

तिच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. तीन वर्षांच्या राजकारणात लोकांनी दिलेलं काहीही हसतमुखाने गिळायची तिला सवय झाली होती. तिने शांतपणे सबंध पेला संपवला. फक्त डोळे भरून आले आणि नाकाचा शेंडा लाल झाला. मंत्र्यांनी पेला संपवल्यावर बाकीच्यांना मागे राहता येईना. बाबासोंनी एका दमात दोन पेले घशाखाली उतरवले. डॉक्टर प्यायले. एकमेकांशी न बोलणारे दोन्ही अध्यक्ष प्यायले आणि दोन वर्षांत पहिल्यांदाच एकमेकांकडे वळून "हे काय हो?" म्हणाले. व्यासपीठावर परत येईतो झाडून सगळे डोळे पुसत होते आणि कोणाच्याच तोंडून शब्द फुटत नव्हता.

खालच्या लोकांना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांना एवढंच दिसलं की मॅडमना भरून आलंय, आणि त्यांच्याबरोबर सगळे पुढारी रडताहेत. मांडव चिडीचूप झाला.

राजलक्ष्मी माईकपाशी उभी राहिली. आवाज घोगरा झाला होता. "या जागेनं मला बोलायला शिकवलं," ती म्हणाली आणि थांबली. पुढच्या रांगेतल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. एका ड्रायव्हरनेसुद्धा हुंदका दिला. "वर ती खोली दिसते ना, तिथं पोत्यांपुढं उभं राहून मी पहिलं भाषण केलं. ज्यांनी ते शिकवलं त्यांनी माझ्याकडं आजवर एकच गोष्ट मागितली. मी देत नव्हते, लोक काय म्हणतील म्हणून. आज म्हटलं, लोकांना काय म्हणायचं ते म्हणू दे. हा समोरचा रस्ता पावसाळ्याच्या आत होईल."

टाळ्यांनी मांडव दणाणला. बाबासोंनी सयाजीरावांना उठवून मिठी मारली. ज्या रस्त्यासाठी त्यांनी बायकोला घराबाहेर काढलं तो रस्ता आज मिळाला होता, आणि तरी सयाजीरावांना आनंद होईना. का, ते त्यांचं त्यांनाच कळेना. त्यांनी सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या.

सभा उठली तेव्हा ते गर्दीत घुसून तिच्यापर्यंत पोचले. "पाच मिनिटं वर चल," ते म्हणाले. बाबासो आणि दहा-बारा जण लगेच जिन्याकडे निघाले. राजलक्ष्मीने मागे न बघता नुसता हात वर केला आणि सगळे जागच्या जागी थांबले. हा हात तिला त्यांनी शिकवलेला नव्हता.

खोलीत पाय टाकला आणि ती थबकली. दोन पाट, दोन ताटं, फडक्यात गुंडाळलेल्या भाकरी.

"हे काय?"

"जेवन. रखमानं केलंय. तुझ्यासारखं जमलं नसंल, पन बस."

ती इस्त्रीच्या साडीची पर्वा न करता पाटावर बसली. "आज काय आहे, तुमच्या ध्यानात होतं?"

"म्हंजे काय? त्याच्यापायीच तर समदं केलं."

"पाणपोई?"

"तुझा येळच मिळंना. पर्सनल असंल तर न्हाई, पब्लिकचं असंल तर बघतो म्हनला तुझा इंद्रजित." सयाजीराव दुसऱ्या पाटावर टेकले. "मग म्हनलं, पब्लिकचं तर पब्लिकचं."

राजलक्ष्मीने ताटाची कड बोटाने पुसली. पुसायला तिथे काही नव्हतं. "आजची संध्याकाळ मी कुणाला देऊ नको म्हटलं होतं."

"व्हय, तो म्हनला तसं. काय मीटिंग व्हती?"

"मीटिंग नव्हती," ती म्हणाली. "तुमच्यासाठी ठेवली होती. घरातल्या समद्यांना सुट्टी दिली होती. मी पिठलं करणार होते, आपल्याच चुलीवर." दोन वाक्यांत तिची मंत्र्याची भाषा गळून पडली होती. "त्या पोराला कारण कसं सांगू? लाज वाटली मला. आन दुसऱ्या दिवशी तुमचाच निरोप, उद्घाटनाला या. म्हनलं, आजच्या दिवशीबी ह्यांना मी कामापुरतीच हवी. रस्ताच पायजे ना, मग देऊन टाकू एकदाचा."

पंचवीस वर्षांत आपण हिला कशाकशासाठी हाका मारल्या, ते सयाजीरावांच्या डोळ्यांपुढून सरकत गेलं. चहासाठी मारल्या, पाहुणे आले म्हणून मारल्या, वॉर्ड राखीव झाला म्हणून मारली. नुसतं बस म्हणून एकदाही हाक मारली नव्हती. आज मारली तर तीसुद्धा मांडव घालून. त्यांना स्वतःची लाज वाटली आणि मनापासून वाईट वाटलं.

"मग आता बस की," ते कसेबसे म्हणाले. "संध्याकाळ रिकामीच हाय न्हवं."

तेवढ्यात दारावर टकटक झाली. "मॅडम, कोपरखैरणे," बाहेरून इंद्रजितचा आवाज आला. मोकळी ठेवलेली संध्याकाळ एका उद्घाटनासाठी मोडली, म्हटल्यावर त्या हुशार मुलाने उरलेल्या वेळात कोपरखैरण्याचं समाजमंदिर आणि बेलापूरची बैठक बसवून टाकली होती. चूक त्याची नव्हती. कारण त्याला दोघांपैकी कोणीच सांगितलं नव्हतं.

राजलक्ष्मी उठली. चतकोर भाकरीवर पिठलं घेऊन तिने सुरळी केली आणि उभ्या उभ्या पहिला घास घेतला. तिचे डोळे पुन्हा भरून आले.

"पानी देऊ?" सयाजीराव गडबडून म्हणाले.

"तुमचं पाणी नको," ती म्हणाली आणि रडता रडता हसली.

त्यांनी खिशातून गजरा काढला. त्याच्यात आता गजरा असं थोडंच उरलं होतं, दोरा आणि चेंगरलेल्या कळ्या होत्या. तिने तो घेतला, पर्समध्ये जपून ठेवला आणि भाकरीची सुरळी पदराआड धरून जिना उतरली. गाडीत पुढे अंगरक्षक बसला होता, मागे इंद्रजित आणि बाबासो. सयाजीरावांना बसायला जागा नव्हती. गाड्या खड्ड्यांतून हळूहळू गेल्या, काच खाली आली आणि त्यातून भाकरीचा हात हलला. मग वर येऊन सयाजीराव एकटेच पाटावर बसले आणि दुसऱ्या ताटाकडे न बघता जेवले. पिठलं रखमाला चांगलं जमलं होतं, हेच त्यांना जास्त लागलं.

रस्ता मात्र खरोखरच पावसाळ्याच्या आत झाला. काळा कुळकुळीत, गुळगुळीत, कडेला पांढरे पट्टे. ट्रकवाले सयाजीरावांना दुवा देत होते.

रस्ता सुरू झाला त्या दिवशी अकराला सयाजीराव खिडकीत उभे राहिले. गाडीचा लाल दिवा दिसला, त्यांनी हात उचलायला सुरुवात केली आणि हात खांद्यापर्यंत येईतो गाडी पलीकडच्या गोडाऊनपाशी पोचलीसुद्धा. अर्धवट उतरलेली काच तेवढी लांबून दिसली. दुसऱ्या दिवशी तेच झालं. तिसऱ्या दिवशी त्यांनी गोळी घेतल्याची खूण करायला सुरुवात केली, तर ती खूण मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला मिळाली.

चौथ्या दिवशी त्यांनी इंद्रजितला फोन केला. "आमच्या गोडाऊनसमोर येक गतिरोधक पायजे. चांगला उंच."

"कारण काय सांगू, साहेब?"

या खेपेला सयाजीराव अडखळले नाहीत. मे महिन्यात त्यांना धडा मिळाला होता. "मला माझी बायको दिसत न्हाई," ते म्हणाले. "हेच सांग."

इंद्रजित नेहमीसारखाच हळू आवाजात म्हणाला, "मॅडमनी ते कालच सांगितलंय, साहेब. एक नाही, दोन बसवा म्हणाल्यात."

सयाजीरावांनी लगेच विचारलं, "मग कधी बसत्याल?"

"ते सांगता येत नाही. नवऱ्याच्या दारातले आहेत, लोक काय म्हणतील, म्हणाल्या. आधी सगळ्या तुर्भ्यातले होऊ देत, आपले शेवटी."

सयाजीरावांनी फोन ठेवला. अकरा वाजत आले होते. ते उठून खिडकीपाशी जाऊन उभे राहिले, आणि या वेळी हात त्यांनी आधीच वर करून ठेवला.